खुराड्याची जागा

मुरुड, २४ ऑगस्ट १९८२

अण्णांना शरणार्थ.

भरलेला तांब्या माझ्या ओट्यावर उपडा करून तुम्ही निघून गेलात, त्याला आता आठवडा होत आला. बहिणीच्या घरचं पाणी नको होतं तर नसतं प्यायलं, पण सांडायला कशाला हवं होतं? आमच्या आडाचा तळ दिसायला लागलाय. तो तांब्या मी मागच्या हाजराबींच्या आडावरून भरून आणला होता. हे तेव्हा सांगितलं नाही, आता सांगते. म्हणजे तुम्ही प्यायला नाहीत ते तुमच्या दृष्टीनं बरंच झालं.

लातूरहून नव्या जिल्ह्याचा समारंभ उरकून तुम्ही आला होतात. टोपीवर गुलाल होता, 'आता आपला जिल्हा, आपला कलेक्टर' असं चाललं होतं. मलाही बरं वाटत होतं. हे गेल्यापासून माझ्या ओट्यावर बसून एवढं मोठ्यानं कुणी बोललं नव्हतं. मग तुम्ही हात धुवायला परसात गेलात आणि डालग्याखालची कोंबडी बघितलीत. पुढचं वहिनींना तुम्ही कसं सांगितलं असेल याचा मला भरवसा नाही, म्हणून जसं झालं तसं लिहून ठेवते.

तुम्ही म्हणालात, "गळ्यात लिंग अन् परसात कोंबडी! म्हादेवी, काही लाज हाय का न्हाई?"

मी म्हणाले, "लाज हाय की अण्णा. पन लाजंला भाकर लागत न्हाई, मला लागती."

यावर तांब्या उपडा झाला. जाताना तुम्ही सांगितलंत की जोवर या परसात कोंबडी आहे तोवर पंचमीला मला न्यायला माहेराहून मुराळी येणार नाही, आणि घराला कुलूप लावून मी उदगीरला यावं, कोठीमागची खोली माझ्यासाठी चुना मारून ठेवली आहे.

कोंबडी कुठून आली हे तुम्ही विचारलं नाहीत. हे होते तोवर दुकान होतं. हे गेले तशी जागेच्या मालकानं दुकानाची जागा मागून घेतली. मग म्हैस होती. यंदा कडब्याची पेंढी बघायला मिळेना, म्हशीच्या फासळ्या मोजता यायला लागल्या, तेव्हा ती विकली. ती गाडीत चढताना माझ्याकडे बघत होती, तो दिवस मला आठवायचा नाही. मग भिंतीपलीकडून हाजराबींनी हाक मारली. त्यांचे मालक जिलानीमियाँ गाद्या भरतात, तुम्ही त्यांना ओळखता, तुमच्या लग्नातल्या गाद्या त्यांच्याच हातच्या. हाजराबींनी एक खुडूक कोंबडी आणि उबवायला अंडी मला बटईनं दिली. कोंबडी त्यांची, सांभाळ माझा, पिलं निम्मी निम्मी. शेत बटईनं करतात तसंच. म्हशीला हौदभर पाणी लागतं, कोंबडीला करवंटी पुरते. असल्या साली दुसरं काय पाळू? हत्ती?

ती कोठीमागची खोली मी ओळखते, अण्णा. तिची एकुलती एक खिडकी कोठीत उघडते. उन्हाळ्यात तिथं पोत्यांची धूळ आणि पावसाळ्यात भिंतींची ओल. आई तिथं लोणच्याच्या बरण्यासुद्धा ठेवत नव्हती, बुरशी चढते म्हणायची. तुमची वहिनींच्या हाताखालची आश्रित बहीण म्हणून मी तिथं बसणार नाही. मला माझ्या चुलीपुढं बसायचं आहे. पीठ कमी असेल तर कमी थापीन.

शिवकांताचं देगलूरचं स्थळ पक्कं होतंय असं ऐकलं. तुमची लेक गुणी आहे. माझा आशीर्वाद सांगा.

तुमची,
महादेवी

*

मुरुड, ९ डिसेंबर १९८२

अण्णांना शरणार्थ.

तुमचं कार्ड पोचलं. 'कोंबडी काढलीस की कळव' एवढंच लिहिलंत. धान्याच्या अडतीवर बसून कमी बोलायची सवय झालीय तुम्हाला. मला ती नाही.

कोंबडी काढली नाही. पिलं निघाली, मोठी होऊ लागली, आणि त्यांना घर लागलं. तुमचा राग माझ्या घरापासून सुरू झालाय, तर घर बांधण्याची हकीकत तुम्हाला कळायला हवी.

मला वाटलं, गोठा रिकामाच आहे, त्यात सोडाव्यात. हाजराबींनी भिंतीवरून डोकावून बघितलं आणि कपाळाला हात लावला. गोठ्याच्या भेगांत म्हशीच्या मागं राहिलेल्या गोचड्या, वर अंधार, वारा खेळत नाही. मग मी मोरीजवळची जागा दाखवली, पाणी द्यायला सोपी म्हणून. तिथं ओल. जुन्या भिंतीच्या कडेला म्हटलं तर तिथं उंदरांची बिळं, आणि उंदरामागं साप आलाच. मी वैतागून म्हणाले, "मग काय माझ्या डोक्यावर बांधू का खुराडं?"

हाजराबी हसल्या. म्हणाल्या, "अगे माँ, गुस्सा कायकू करती? दुपारकू उधर जाके बैठ. तेरेकू बैठा गया तो कोंबडीकू बी बैठा जाता."

झालं. दिवाळीआधीचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्याकडं ते चैत्राला लाजवतं. मी सुपात सोलायचा लसूण घेऊन परसात बसायला लागले. आज या कोपऱ्यात, उद्या त्या. गोठ्यात मला पदरानं वारा घ्यावा लागला. भिंतीकडेला डोकं दुखलं. मोरीपाशी डास. ओट्यावरून बायका बघायच्या आणि म्हणायच्या, म्हादेवीचं डोकं फिरलं, लसूण घेऊन ऊन शोधत फिरती.

शेवटी कडुलिंबाखालच्या उंचवट्यावर बसले. सकाळचं ऊन तिथं येतं आणि दुपारी लिंब सावली धरतो. पाऊस पडला तर पाणी दोन्ही बाजूंनी वाहून जाईल, पडायचा तेव्हा. स्वयंपाकघराची खिडकी समोर, म्हणजे मुंगूस आलं की कलकलाट कानावर येणार. सगळा लसूण सोलून झाला आणि मला उठावंसं वाटेना. मग लक्षात आलं, ही तर यांची बाज टाकायची जागा. यांनी दुपार अन् दुपार इथं लोळून काढली. वहिनी एकदा म्हणाल्या होत्या की दाजींना आळसासाठीसुद्धा जागा बरोबर सापडते.

तिथंच खुराडं बांधलं. दुकानाच्या दाराच्या फळ्या पडून होत्या, त्या लागल्या. खाली दगड रचून जमिनीपासून उचललं, दोन बाजूंना जाळी, दार उगवतीला. वरती दुकानाची पत्र्याची पाटी टाकली, अक्षरं आतल्या बाजूला. आता 'चंद्रप्पा किराणा भांडार' फक्त कोंबड्यांना वाचता येतं.

गावात बोलणं झालंच. नवऱ्याच्या बाजेची जागा कोंबड्यांना दिली म्हणे. दिली. माणूस नाही म्हणून जागेनंही ओसाड पडावं असं कुठं लिहिलंय? पहिल्या दिवशी खुराड्यात पिलं कोंडली आणि मी तिथंच खाली बसून खूप रडले. हे मात्र गावानं बघितलं नाही. गावाला बघायचं ते बरोबर दिसतं.

तुमची,
महादेवी

*

मुरुड, २१ मे १९८३

अण्णांना शरणार्थ.

शिवकांताचं लग्न झालं. मला बोलावलं नाहीत.

पत्रिका पोस्टात हरवली असेल असं मी शेजारणींना सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवल्यासारखं केलं. उदगीरला जाणारी एसटी माझ्या घरावरून जाते, लग्नाच्या दिवशी मी ती जाताना बघितली. तिच्या जन्माच्या वेळी वहिनींच्या उशाशी मी होते. पोरीची पहिली आंघोळ माझ्या पायांवर झाली. ती लग्नाला उभी राहिली तेव्हा अक्षता टाकायला आत्या नव्हती, कारण आत्याच्या परसात कोंबड्या आहेत. तुम्हाला हे शोभलं का? मला नाही वाटत. तुम्ही चुकलात, आणि हे मी थोरल्या भावाला लिहितेय हे मला कळतंय.

गादी पाठवली होती, ती तरी पोचली असेल. जिलानीमियाँनी नवा कापूस पिंजून भरली आहे, खोळ मी शिवली. गादीला कुणी विटाळ मानला नसेल अशी आशा आहे.

आता एक गोष्ट, अजून न लिहिलेली. मागच्या पत्रानंतर लगेच पिलं मरायला लागली. एक-एक करून पंख पाडून बसायची, रक्तासारखं हगायची आणि सकाळी आडवी दिसायची. मला वाटलं तुमची हाय लागली. खरंच वाटलं. पूजेला बसले की डोळ्यांपुढं तुमचा उपडा तांब्या.

हाजराबी तेव्हा लेकीकडं गेल्या होत्या. आल्या, खुराड्यात हात घातला आणि ओरडल्या, "ये गीला कायकू है?"

मी म्हणाले, "सारवलंय. रोज सारवते."

अण्णा, मी रोज सकाळी खुराडं शेणानं सारवत होते. अंगण सारवायचं, ओटा सारवायचा, तुळशीपुढं सारवायचं, मग जिथं जीव राहतो ती जागा कोरडी कशी सोडायची? आईनं हात धरून शिकवलेलं. सोमवारी तर मी खुराड्यापुढं रांगोळीची चार बोटंसुद्धा ओढायचे. हाजराबींनी ते बघितलं आणि हसावं की रडावं त्यांना कळेना. "पाटे पे बिठाके जेवन वाढती क्या इनकू? कोंबडीकू सुखा होना गे, सुखा! राख डाल, भुसा डाल, सारवन नक्को." आमच्या स्वच्छतेनं पिलं मारली. त्या दिवशी मी सारवणाचं पोतेरं खुराड्यापासून लांब नेऊन ठेवलं आणि चुलीची राख आणून पसरली. उरली ती जगली.

म्हणजे तुमची हाय लागली नव्हती. सांगून टाकते, उगाच तुम्हाला मनाला लागून राहायला नको, आणि उगाच तुम्हाला बरंही वाटायला नको.

आड आटला. टँकर येतो तेव्हा बायका एकमेकींच्या झिंज्या धरतात. मी लांब उभी राहते, मला थोडं पुरतं. कोंबड्यांना भांडं धुतलेलं पाणी चालतं. सावलीत माठाचं खापर ठेवते, त्यात चोच बुडवून मान वर करून गिळतात. बघत बसावंसं वाटतं.

देगलूरचा पत्ता कळवा. पोरीला पत्र लिहायचं आहे.

महादेवी

*

मुरुड, १७ ऑगस्ट १९८३

अण्णांना शरणार्थ.

पंचमी झाली. मुराळी आला नाही. गल्लीतल्या सगळ्या सुना माहेरी गेल्या आणि सगळ्या लेकी आल्या, मी मधल्यामध्ये. लिंबाला झोका बांधला होता, पोरींनी मलाही ओढून बसवलं. मी उंच घेतला. खाली कोंबड्या पांगल्या आणि पोरी हसून हसून खाली बसल्या. वाईट वाटलं का असं विचाराल, तर हो, वाटलं. संध्याकाळी एसटीच्या आवाजाला दोनदा दारात गेले. पण खुराड्याकडं बघून असं नाही वाटलं की हे नसतं तर बरं. हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिते.

देगलूरचा पत्ता तुम्ही कळवला नाहीत. बरं.

आपले जंगम, सिद्धेश्वर अय्या, सोमवारची भिक्षा मागायला माझ्या दारात थांबेनासे झालेत. पुढच्या घरी थांबतात, मागच्या घरी थांबतात, माझ्या दारावरून मान खाली घालून जातात. गेल्या सोमवारी मी पिठाची वाटी घेऊन रस्त्यातच उभी राहिले.

"अय्या, माझं पीठ काय वायलं हाय का? सगळ्या गावाचं एकाच गिरणीत दळतंय."

ते म्हणाले, "आक्का, मला काही न्हाई हो. उदगीरहून अण्णांचा सांगावा हाय."

"मग असं करा. डोळे मिटून झोळी धरा. कुणी टाकलं ते दिसनार न्हाई."

अय्यांनी खरंच डोळे मिटले, अण्णा. मी वाटी उपडी केली. उपडी करायची ती अशी करावी. त्यांना याबद्दल विचारू नका, बिचारे खोटं बोलतील आणि ते पाप तुमच्या माथी येईल.

तुमच्या दुकानाच्या पाटीखाली 'कायक हाच कैलास' असं मोठ्या अक्षरांत लिहिलंय. कष्ट हीच पूजा, हे मी लहानपणापासून वाचत आले. त्याखाली 'कोंबड्या सोडून' असं काही लिहिलेलं मला आठवत नाही.

आणि पाटीचा विषय निघालाच आहे तर हेही. हाजराबींचा थोरला वाजिद एसटीनं लातूरला अंडी नेतो, टोपलीत भुसा घालून. तुमच्या नव्या जिल्ह्यानं गावोगावचे कारकून, शिपाई, ओव्हरसीयर लातुरात आणून ठेवलेत, त्यांच्या बायका अजून गावाकडं, आणि त्यांच्या खानावळींना अंडी पुरत नाहीत. तुमच्या टोपीवरचा गुलाल माझ्या चुलीपर्यंत असा पोचला. तिथं धान्याच्या मोंढ्यात वाजिदला तुमचा हमाल व्यंकट भेटतो, ट्रकबरोबर येतो तेव्हा. व्यंकट सांगत होता, तुमच्या अडतीवरचा मका हैदराबादकडं कोंबड्यांच्या कारखान्याला जातो. कोंबडी तुमच्या मक्यावर वाढली तर धंदा, माझ्या परसात वाढली तर बाट. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही म्हण कुणी काढली असेल त्याची उदगीरला अडत असणार.

मी अंडं खात नाही. कधी खाल्लं नाही, खाणारही नाही. अंडी देणारी कोंबडी कापायला देत नाही, म्हातारी झाली तरी पोसते. वाट्याचे कोंबडे मात्र हाजराबी नेतात. पुढं काय होतं ते मला ठाऊक आहे, मी विचारत नाही. हे पाप असेल तर ते माझं. त्यासाठी मी देवाला उत्तर देईन, समाजाला देणार नाही.

देवावरून आठवलं. पूजा आधी आणि कोंबड्या मागून, हा क्रम मी मोडलेला नाही. एकदाच मोडला. लिंग डाव्या तळहातावर घेऊन डोळे मिटून बसले होते आणि परसात कलकलाट उठला. मी तशीच उठले. मुंगूस जाळी उकरत होतं. डाव्या हातावर लिंग, उजव्या हातात धुण्याची काठी, ओल्या केसांनी मी त्याच्यामागं लिंबाभोवती फिरले. हाजराबी भिंतीवरून ओरडत होत्या, "सँभालके, तेरा देव गिरता!" पडला नाही. मूठ घट्ट होती. मुंगूस पळालं, मी परत येऊन बसले, बेलाचं पान वाहिलं आणि पूजा पुरी केली. त्या दिवशीसारखी पूजा माझ्या हातून आधी झाली नव्हती. तुम्ही मठात विचारून बघा यात काही चुकलं का. विचारायचं धाडस झालं तर.

तुमची,
महादेवी

*

मुरुड, २२ जुलै १९८४

अण्णांना शरणार्थ.

तुमचं पत्र आलं. कार्ड नाही, पत्र. पाकीट फोडायच्या आधी मी ते देवापुढं ठेवलं.

'यंदा पंचमीला मुराळी पाठवतो. कोंबड्यांचा विषय मी काढणार नाही, तूही काढू नकोस. शेजारणीच्या हवाली कर आणि ये. शिवकांताला सोबत होईल. दोघी मिळून कोठीमागच्या खोलीत राहा.'

पहिली ओळ वाचून मी रडले. खोटं कशाला लिहू? गेली पंचमी मी एसटीचा आवाज ऐकत काढली. मुराळी येणार, या दोन शब्दांवर मी कपडे भरायला उठलेसुद्धा. मग शेवटची ओळ पुन्हा वाचली आणि पेटी बंद केली.

शिवकांता परत आलीय हे तुम्ही मला आत्ता, असं, जाता-जाता लिहिलंत. मला ते उन्हाळ्यापासून ठाऊक आहे. व्यंकटनं वाजिदला सांगितलं, वाजिदनं मला. नवऱ्यानं हैदराबादला दुसरं घर केलं, सासरच्यांनी पोरीला गाडीत बसवून दिलं, आणि तिच्याबरोबर माझी गादी तेवढी परत आली. मी वाट बघत होते की तुम्ही कळवाल. तुम्ही कळवलं नाहीत. आल्यागेल्याला दिसू नये म्हणून तिला कोठीमागं ठेवलंत. ती आता अंगणातही येत नाही, जेवण आत जातं, ताट बाहेर येतं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, अण्णा. सगळ्या उदगीरला माहीत आहे. झाकली गेली ती फक्त पोरगी.

व्यंकट पोती काढायला कोठीत जातो तेव्हा ती खिडकीशी येते म्हणे. त्याला माझ्याबद्दल विचारते. मागच्या खेपेला तिनं विचारलं, "व्यंकटमामा, आत्याच्या परसात ऊन येतंय का हो?"

वाजिदनं मला हे सांगितलं तेव्हा मी दाणे टाकत होते. हातातलं सूप तसंच राहिलं. कोंबड्या पायांवर चोची मारायला लागल्या.

मी ते खुराडं बांधलं तेव्हा काय काय बघितलं ते तुम्हाला लिहिलं होतं. वाचलंत की नाही कोण जाणे. वारा बघितला, ऊन बघितलं, ओल बघितली, हाकेच्या टप्प्यात आहे का ते बघितलं. आणि कुणासाठी? कोंबड्यांसाठी. त्या कोठीमागच्या खोलीत मी कोंबडी ठेवली नसती. तुम्ही तिथं लेक ठेवली. आधी मला ठेवणार होतात, मी सुटले. आता आम्हा दोघींना एकत्र ठेवता म्हणता, म्हणजे झाकायला एकच दार पुरेल.

तुम्ही तिच्यावर माया करत नाही असं मी म्हणत नाही. तुम्ही तिला खांद्यावर घेऊन मोंढ्यात फिरवायचात ते मी बघितलंय. म्हणून तर राग जास्त येतो.

तर आता माझं ऐका. मुराळी पाठवू नका. यंदा मुराळी मी होऊन येते. बाई मुराळी होत नाही, आणि मुराळी माहेराहून सासरी जातो, माहेरातून लेकीला न्यायला कुणी येत नाही, हे मला कुणी सांगायला नको. माझ्या घराला ती माहेर म्हणो, आजोळ म्हणो, काहीही म्हणो. येत्या शुक्रवारी दुपारनंतरच्या गाडीनं मी पोचते. शिवकांताला उघड, तुमच्यासमोर आणि वहिनींसमोर विचारीन, येतेस का म्हणून. नाही म्हणाली तर तिचा हात सोडून देईन. हो म्हणाली तर थांबवू नका. इथं तिनं कोंबड्या सांभाळाव्यात असं माझं काही नाही. तिला लातूरला शिवण शिकायचं असेल तर शिकू दे, लिंबाखाली नुसतं बसायचं असेल तर बसू दे. मीही किती दुपारी बसले होते.

मी उदगीरला असेन त्या दोन दिवसांत कोंबड्या हाजराबी बघतील. कायमच्या हवाली करत नाही. खुराडं राहणार, मीही राहणार.

मी येईपर्यंत एक करा. दुपारी अडतीवरून घरी या, जेवा, आणि त्या खोलीत जाऊन दार ओढून बसा. झोपायचं नाही, बसायचं. ऊन उतरेपर्यंत. पोत्यांची धूळ नाकात जाईल तेव्हा खिडकी उघडून बघा, ती कशात उघडते ते. तुम्हाला तिथं बसवलं, तर मी शब्द देते, एकटी परत जाईन, खुराडं मोडीन, कोंबड्या हाजराबींना देऊन टाकीन आणि पंचमीच्या आत त्याच खोलीत राहायला येईन. आयुष्यात पुन्हा उलट बोलणार नाही.

नाही बसवलं, तर पोरीची पेटी एसटीच्या टपावर चढवायला तुम्ही स्वतः या. व्यंकटला पाठवू नका. सगळ्या उदगीरनं बघितलं पाहिजे.

आणि माझ्यासाठी पाण्याचा तांब्या भरून ठेवा. मी उपडा करणार नाही. पिऊन निघेन.

महादेवी